बेसिक की स्टँडर्ड ते नंतर बघू, आधी सहामाहीचा पेपर टेबलावर काढा

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. लेक नववीत, सीबीएसई, सहामाहीत गणितात ८० पैकी ४३ पडले. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या दहावीला स्टँडर्डऐवजी बेसिक मॅथ्स, म्हणजे गणिताचा सोपा पेपर, घ्या, डोक्याला ताप नाही. मिस्टरांचंही तेच म्हणणं, टक्के तरी चांगले दिसतील. लेकीला डॉक्टर व्हायचं नाहीये पण 'सायन्समधलंच काहीतरी' करायचंय. आणि जाताजाता कळव्याच्या बहिणीच्या मुलाचंही विचारलंय, तो स्टेट बोर्ड, सेमी, यंदा दहावीला, तर अकरावीला मॅथ्स ठेवायचं, बायो ठेवायचं की दोन्ही.

ताई, मी नौपाड्यात २३ वर्षं आठवी ते बारावीचं गणित शिकवतोय, दोन खोल्यांचा क्लास, बॅचला पंधरा मुलं, त्यापेक्षा जास्त कधी घेतली नाहीत कारण त्यापेक्षा जास्त वह्या माझ्याच्याने बघून होत नाहीत. तर हा प्रश्न मला दर दिवाळीनंतर कोणीतरी विचारतंच, आणि दर वेळी मी आधी एकच विचारतो, पेपर कुठाय? मार्क नकोत, पेपर. तुम्ही फोटो पाठवलेत ते बरं केलंत, निम्मे पालक म्हणतात शाळेने परत घेतला.

मी काय करतो सांगतो, हे तुम्हाला घरीपण करता येईल, त्याला गणित यावं लागत नाही. गेलेले मार्क मोजायचे, मिळालेले नाही. तुमच्या लेकीचे ३७ गेलेत. आता प्रत्येक गेलेल्या मार्काला विचारायचं की बाबा तू का गेलास. तीन ढीग करायचे, पहिला म्हणजे आलंच नाही, कोरं सोडलं किंवा भलतंच लिहिलं. दुसरा म्हणजे येत होतं पण मध्ये चिन्ह चुकलं, बेरीज चुकली, प्रश्नातला आकडा उतरवताना ३५ चे ५३ झाले. तिसरा म्हणजे येत होतं, उत्तरही बरोबर, पण पायऱ्या नाहीत, कारणं नाहीत, नाहीतर वेळ संपला म्हणून अर्धवट राहिलं. मी फोटोवरून मोजले ते असे आले, पहिल्या ढिगात १७, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ११. आणि पहिल्या ढिगातले १७ पेपरभर सांडलेले नाहीयेत, सगळे दोनच धड्यांतले आहेत, बहुपदीचे अवयव आणि त्रिकोणाच्या सिद्धता. म्हणजे '४३ वाली मुलगी' असं जे घरात चाललंय ना, तशी मुलगी या पेपरात मला दिसतच नाही. दिसते ती दोन धडे न आलेली आणि लिहायची सवय नसलेली मुलगी, आणि हे दोन्ही दुरुस्त होतं.

आता ते १७. त्रिकोणाकडे नंतर येतो. अवयवांचं गणित न येणं हा नववीचा आजार जवळपास कधीच नसतो, तो सातवी-आठवीतून येतो आणि नववीत ताप दाखवतो. माझ्याकडे नवीन मूल आलं की मी त्याला पाठकोऱ्या कागदावर सात-आठ गणितं देतो, वेळ दहा मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. उणे तीन वजा पाच किती. उणे तीन गुणिले उणे पाच किती. दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश किती. ०.२ गुणिले ०.३ किती. ७ − (क्ष − ४) सोपं रूप दे. क्षचा वर्ग अधिक ५क्ष अधिक ६ याचे अवयव पाड. अ = −२ असेल तर अ चा वर्ग किती. १८० चे मूळ अवयव पाड. बस एवढंच. आणि दहावीतली मुलं, क्लासला हजारो रुपये भरलेली मुलं, दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांशला पाच सप्तमांश लिहितात, वरची वरशी खालची खालशी, खरं उत्तर सतरा बारांश. ७ − (क्ष − ४) ला ३ − क्ष लिहितात, कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह आतल्या दुसऱ्या पदाला लागलंच नाही, व्हायला हवं ११ − क्ष. हे एक चिन्ह ज्या मुलाच्या हातात बसलेलं नाही त्याला पुढे वर्गसमीकरण शिकवा, श्रेढी शिकवा, काहीही शिकवा, तो पद्धत बरोबर लिहील आणि उत्तर चुकवेल आणि मग म्हणेल मला गणित येत नाही. येतं रे बाबा, तुला कंस सोडवता येत नाही!

म्हणून माझा पहिला सल्ला हा की नाताळपर्यंत चार आठवडे सातवी आणि आठवीची पुस्तकं काढा. पूर्ण नाही करायची, अपूर्णांक, पूर्णांक संख्या, बैजिक राशी, अवयव, एवढेच धडे, रोज तीस-चाळीस मिनिटं. मुलांना याची लाज वाटते हे मात्र लक्षात घ्या. माझ्याकडे वर्तकनगरचा एक मुलगा होता, त्याने सातवीच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालून वर मोठ्या अक्षरात 'दहावी' लिहिलं होतं, बसमध्ये कोणी बघितलं तर म्हणून. मी त्याला काही बोललो नाही, कव्हर चांगलं घातलं होतं.

बरं त्रिकोण. सिद्धतेचं गणित आकड्यांचं नसतं, भाषेचं असतं, आणि मुलं तिथे प्रमेय पाठ करून जातात, प्रश्नात आकृती थोडी फिरवून दिली की संपलं. माझ्या पद्धतीत मूल आधी आकृती मोठी काढतं, पोस्टाच्या तिकिटाएवढी नाही, अर्धं पान. मग पक्ष, साध्य लिहायचं. मग आकृतीत जे दिलंय ते पेन्सिलने खुणा करून भरायचं, समान बाजूला रेघ, समान कोनाला कंस. एवढं केल्यावर निम्म्या वेळा कसोटी डोळ्यांना दिसते, बाकोबा (बाजू-कोन-बाजू) की कोबाको (कोन-बाजू-कोन). आणि मग प्रत्येक ओळीपुढे कारण. सीबीएसईला असो की स्टेट बोर्डाला, कारणाला मार्क आहेत, तुमच्या लेकीचे तिसऱ्या ढिगातले ११ पैकी ५ फक्त कारणं न लिहिल्याने गेलेत. तिला म्हणावं आजीला समजावून सांगतेस असं समज, आजी दर ओळीला विचारणार 'असं कशावरून गं?', त्याचं उत्तर म्हणजे कारण.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल सगळ्यांनाच सांगतो, कारण इथे जी चूक होते ती हुशार मुलांचीपण होते. गणित बघून येत नाही. क्लासमध्ये सर फळ्यावर सोडवतात, मूल मान डोलावतं, समजलं. यूट्यूबवर बघितलं, समजलं. डायजेस्ट उघडून सोडवलेलं वाचलं, समजलं. आणि ते खोटं नसतं, खरंच समजलेलं असतं, पण समजणं आणि हाताला येणं यात ठाणे ते पनवेल एवढं अंतर आहे. पोहणाऱ्याकडे बघून कोण पोहायला शिकलंय. सोडवलेलं उदाहरण एकदा नीट वाचा, पुस्तक बंद करा, कोऱ्या कागदावर करा, अडलात तर उघडा, फक्त अडलेली ओळ बघा आणि पुन्हा बंद करा. आणि तेच गणित तीन दिवसांनी परत करा. हा 'तीन दिवसांनी' भाग कोणी करत नाही, कंटाळवाणा आहे, पण खरा फरक तिथेच पडतो. मी मुलांना वहीच्या समासात तारीख घालायला लावतो, कधी परत करायचं ती. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज चाळीस मिनिटं बरी, तालमीसारखं आहे, रविवारी शंभर जोर काढून आठवडाभर झोपलं तर काय होतं तेच होतं.

दुसरं म्हणजे धड्याचं नाव झाकून गणितं करायची. पुस्तकात 'वर्गसमीकरणे' या धड्याखाली वयाचं गणित आलं की मुलाला आधीच माहीत असतं वर्गसमीकरण मांडायचंय. पेपरात ते नाव नसतं. त्यामुळे दोन-तीन धडे झाले की त्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका, रोज चार चिठ्ठ्या काढा, सोडवायचीपण नाहीत सगळी, फक्त सांगायचं की हे कशातलं आहे आणि क्ष काय मानशील. अर्धा तास पुरतो.

शाब्दिक गणित येत नाही अशी तक्रार तर रोजची. यावर माझा एक उद्योग आहे, मी मुलांना रिक्षाचं मीटर विचारतो. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. साडेचार किलोमीटर गेलो तर? पोरं पटकन सांगतात, दीड गेले की तीन उरले, तीन गुणिले सतरा चौदा म्हणजे एक्कावन्न बेचाळीस, अधिक सव्वीस, सत्त्याहत्तर रुपये आणि वर काही पैसे. मग म्हणतो आता साडेचारच्या जागी क्ष घाल. पाच मिनिटं शांतता असते, आणि मग एखादी पोरगी लिहिते, भाडं य मानलं तर य बरोबर २६ अधिक १७.१४ गुणिले कंसात क्ष वजा १.५. झालं, हेच दोन चलांतलं रेषीय समीकरण, यालाच घाबरत होतात. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडणाऱ्या मुलांना शाब्दिक गणित येत नाही यावर माझा विश्वास नाही, मराठीतून किंवा इंग्रजीतून वाक्य हळू वाचायची सवय नाही एवढंच. दोनदा वाच, आकड्यांखाली रेघ मार, काय विचारलंय त्याला गोल कर. सेमीच्या मुलांना तर मी सांगतो, इंग्रजी वाक्य घरच्या भाषेत मनात बोल आणि मग मांड.

आता बेसिक की स्टँडर्ड. हे काय आहे ते आधी नीट सांगतो कारण पालकांमध्ये भलत्या समजुती आहेत. सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे दोन पेपर केले, स्टँडर्डचा कोड ०४१ आणि बेसिकचा २४१. पुस्तक तेच, अभ्यासक्रम तोच, शाळेत तास तेच, २० मार्कांचं इंटर्नलही तसंच, फक्त ८० मार्कांच्या बोर्डाच्या पेपरची काठिण्यपातळी वेगळी. म्हणजे बेसिक घेतलं म्हणून त्रिकोणमिती सुटत नाही. पेपरचा सांगाडाही सारखाच, ३८ प्रश्न, त्यातले २० एक-एक मार्काचे, मग दोन, तीन, पाच मार्कांचे आणि शेवटी चार मार्कांचे तीन केस स्टडी. विषय बोर्डाच्या फॉर्मवर भरायचा असतो, तो दहावीत, त्यामुळे आज नोव्हेंबरात, नववीच्या सहामाहीवरून ठरवायची काही एक गरज नाही.

आणि खरी मेख अकरावीत आहे. मूळ नियम असा की ज्याला अकरावीला गणित घ्यायचंय त्याने स्टँडर्ड द्यायचं. मध्ये बोर्डाने परिपत्रकं काढून सवलत दिली, की शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलाची कुवत पटली तर बेसिकवाल्यालाही घेऊ द्या, पण सवलत ती सवलत, तिच्या भरवशावर लेकीचं पुढचं ठरवू नका. बेसिक पास झालेल्याला कंपार्टमेंटच्या, म्हणजे फेरपरीक्षेच्या, वेळी स्टँडर्डचा पेपर देता येतो, तशी सोय मूळ नियमातच आहे, आणि स्टँडर्डमध्ये नापास झालेल्याला बेसिक देता येतं. म्हणजे वरून खाली यायची वाट आहे, खालून वर जायचीपण आहे पण ती रिझल्टनंतर, सगळे मित्र मोकळे झालेले असताना.

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय ते सांगतो. एक मुलगा, मार्क तुमच्या लेकीसारखेच, घरचे दमलेले, मीही दमलेलो, म्हटलं घे बेसिक. घेतलं, चांगले मार्क पडले, पेढे दिले. आणि रिझल्टनंतर आठ दिवसांनी येऊन म्हणतो सर मला आर्किटेक्चर करायचंय. आर्किटेक्चरला बारावीला गणित लागतं. मग त्याच पोराने कंपार्टमेंटच्या वेळी स्टँडर्डचा पेपर दिला, झाला पास, पण ते दोन महिने त्याचे आणि त्याच्या आईचे जे गेले त्याला जबाबदार मी. त्याचा पेपर मी ढीग करून बघितलाच नव्हता. तेव्हापासून पेपर बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

बेसिक वाईट आहे असं नाही हं. ज्या मुलाचं ठरलंय, खरंच ठरलंय, की लॉ, भाषा, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, आणि गणिताच्या भीतीने त्याचा बाकी चार विषयांचा अभ्यास सडतोय, त्याने खुशाल घ्यावं. माझी एक विद्यार्थिनी पेपरच्या आदल्या रात्री उलट्या करायची, तिला मीच म्हटलं बेसिक घे, आणि ते बरोबर होतं, आज ती लॉ करतेय. पण 'टक्के चांगले दिसतील' हे कारण मला पटत नाही. मार्कशीटवर विषयाचं नाव छापलेलं असतं ताई. आणि तुमच्या लेकीला 'सायन्समधलंच काहीतरी' हवंय, त्या काहीतरीच्या पोटात गणित किती वेळा निघेल याची तुम्हाला कल्पना नाही. माझं मत स्पष्ट आहे, ती स्टँडर्डची मुलगी आहे. तरी नववीच्या वार्षिकला परत तीन ढीग करू आणि मगच.

भाच्याकडे येतो. त्याचं प्रकरण वेगळं, स्टेट बोर्डात बेसिक-स्टँडर्ड भानगडच नाही. पूर्वी सामान्य गणित असायचं, नवीन अभ्यासक्रम आल्यावर ते गेलं, आता सगळ्यांना एकच. भाग १ बीजगणित ४०, भाग २ भूमिती ४०, प्रत्येकी दोन तास, आणि २० अंतर्गत. त्याला आधी पेपरचा आराखडा पाठ करायला सांगा. ४० पैकी पहिल्या प्रश्नाचे ८, दुसऱ्याचे १२, तिसऱ्याचे ९, चौथ्याचे ८ आणि पाचव्याचे ३. अवघड म्हणून ज्याची दहशत आहे ते चौथा आणि पाचवा, दोन्ही मिळून ११. म्हणजे उरलेले २९ पुस्तकाला धरून असतात, आणि त्यात कृती पूर्ण करा म्हणून चौकटी भरायच्या असतात त्या तर उत्तराचा अर्धा रस्ता बोर्डानेच बांधून दिलेला असतो. गंमत म्हणजे मुलं चौथ्या प्रश्नाच्या नादात दुसरा घाईत उरकतात. भूमितीत रचना आणि महत्त्वमापन, बीजगणितात संभाव्यता आणि सांख्यिकी, हे धडे मेहनतीला लगेच फळ देणारे, कच्च्या मुलाने तिथून सुरू करावं, समरूपतेपासून नाही, पुस्तकात पहिला धडा आहे म्हणून तो पहिला करायला पाहिजे असं थोडंच आहे. रचनेला कंपास ढिला नको आणि पेन्सिल टोकदार हवी, हसू नका, ढिल्या कंपासने स्पर्शिका वर्तुळात घुसलेली मी दर वर्षी बघतो.

अर्थनियोजनात जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, पण पुस्तकातल्या उदाहरणांत जुने दर दिसतील, मुलं वर्गात वाद घालतात की सर हे चूक आहे. वाद बरोबर आहे, पण पेपरात जो दर दिलाय त्याने सोडव, बातम्यांतला लावू नको.

अकरावीचं. सायन्सला तिकडे बहुतेक मुलं तीनपैकी एक घेतात, गणितासह, बायोसह किंवा दोन्ही. मी मुलांना सांगतो विषय आवडतो का हे विचार, पण त्याच्या आधी हे विचार की कोणता विषय सोडला तर कोणतं दार बंद होतं. गणित सोडलं की इंजिनिअरिंग बंद, आर्किटेक्चर बंद, एनडीएतून एअरफोर्स-नेव्ही बंद, स्टॅटिस्टिक्सकडचा रस्ता अवघड. बायो सोडलं की मेडिकल, डेंटल आणि त्या बाजूचं बंद. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, गणिताचा पेपर नाही. उलट एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेत पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपमध्ये २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे, ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रश्नाला १. साधारण वीस टक्के भाग अकरावीचा, ऐंशी टक्के बारावीचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. ज्याला इंजिनिअरिंगला जायचंय त्याने हा हिशोब दहावीतच बघावा, गणित न आवडता इंजिनिअरिंग आवडणं म्हणजे पाणी न आवडता होडी आवडणं.

दोन्ही ठेवावेत का? आई-बापांना दोन्ही दारं उघडी ठेवायला फार आवडतं. माझं मत, ठरलेलंच नसेल तर अकरावीच्या दिवाळीपर्यंत ठेवा, तोवर मुलाला स्वतःलाच कळतं कोणती वही तो आपणहून उघडतो. त्यानंतरही दोन्ही ओढायचे तर मूल खरंच भक्कम हवं, नाहीतर सीईटीचे दोन ग्रुप, वर नीट, वर जेईई, आणि कशालाच धड वेळ नाही. ठरल्यावर विषय बदलायची मुदत कॉलेजात लवकर विचारून ठेवा, आणि दुसऱ्या भाषेऐवजी आयटी मिळत असेल तर तेही बघा, मुलांना त्यात चांगले मार्क पडतात.

त्याला कॉमर्सला जायचं झालं तर तिकडेही हा प्रश्न आहेच, गणित की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस). सीएचा विचार असेल तर फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, तिसरा पेपर १०० मार्कांचा, गणित, लॉजिकल रिझनिंग आणि स्टॅटिस्टिक्स, चुकीला पाव मार्क कापतात. बारावीला गणित नसेल तरी परीक्षा देता येते, पण दोन वर्षं हात सुटलेला असतो आणि मग तिथे घाम फुटतो. आणि एक गैरसमज, गणित जमत नाही म्हणून डिप्लोमाला टाकतात. अहो, डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी दोन्ही सेमिस्टरला गणित आहे, त्रिकोणमिती आहे, पुढे कॅल्क्युलस आहे! डिप्लोमा उत्तम आहे, हाताने काम आवडणाऱ्या मुलांना तर फारच, पण गणितातून पळायचा रस्ता म्हणून नाही.

सायन्सच ठरलं तर त्याला एवढं सांगून ठेवा की अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला दहावीत नव्वद मिळवणारी मुलं चाळीसवर येतात आणि घरात सुतक पडतं. घाबरू नका, दहावीच्या पेपरनंतर जूनपर्यंत जो वेळ असतो त्यात रोज तासभर त्रिकोणमितीची सूत्रं, वर्ग पूर्ण करणं, घातांक आणि लॉगरिदम एवढं केलं तरी तो धक्का बराच मऊ होतो. पूर्ण अकरावी आधीच शिकवतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

क्लासचं विचारलंत, की वाशीला मोठ्या नावाच्या क्लासला घालू की ठाण्यात माझ्याकडे. दोन्ही नको. ऐरोलीहून ट्रान्स हार्बर पकडून येणं, संध्याकाळची गर्दी, परत जाणं, दीड-दोन तास गेले, त्या दोन तासांत ती आठवीचे अवयव करून जेवून झोपेल. सेक्टरमध्येच चालत जाता येईल असं कोणी बघा, आणि एकच गोष्ट विचारा, तुम्ही वह्या स्वतः बघता का. मुलांचं काम अ‍ॅप तपासतं, टेस्ट सिरीज आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, हे उत्तर नाही. माझंच गिऱ्हाईक गेलं, चालेल.

पेपर लिहिण्याबद्दल थोडं, कारण तिसऱ्या ढिगातले उरलेले ६ मार्क वेळेचे आहेत. तिने दोन मार्कांच्या एका गणिताला दीड पान लिहिलंय, खोडलंय, परत लिहिलंय. कच्चं काम त्याच पानावर उजवीकडे समास पाडून करायचं, शेवटच्या पानावर नाही, तिथून उतरवतानाच ३५ चे ५३ होतात. अडलं की जागा सोडून पुढे. सीबीएसईला पेपर वाचायला पंधरा मिनिटं मिळतात, तेव्हा ती नुसती वाचत बसते, त्यात कुठले आधी करायचे ते मनात ठरवायचं. आणि घरी आठवड्यातून एकदा घड्याळ लावून अर्धा पेपर, पूर्ण नको, पूर्ण पेपरला कोणी बसत नाही आणि मग काहीच होत नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, 'मलापण गणित कधी जमलं नाही, तिने माझंच घेतलं असणार.' हे तिच्यासमोर बोलत असाल तर बंद करा एवढं माझं ऐका. तुम्ही महिन्याचं घर चालवता, भिशीचा हिशोब ठेवता, ते काय भूगोल आहे का? मुलं हे वाक्य उचलून ठेवतात आणि अडलं की वापरतात.

तर आजच्या आज एवढंच करा, वर लिहिलेली आठ गणितं तिला पाठकोऱ्या कागदावर द्या, दहा मिनिटं, तुम्ही बाजूला भाजी निवडत बसा. ७ − (क्ष − ४) ला ३ − क्ष आलं तर ओरडू नका, कागदाचा फोटो काढून मला पाठवा, कुठल्या धड्यापासून सुरू करायचं ते मी रात्री क्लास सुटल्यावर कळवतो.